बिळाच्या तोंडचे दगड

संयोगिताचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्याचं तिला काही वाईटही वाटत नसे. भाजीवाली 'सकाळचीच हाय, ताई' म्हणाली की ही जुडी सोडून आतली पानं बघायची. शेजारीण न मागता वाटीभर खीर घेऊन आली, तर खीर संपेपर्यंत हिच्या डोक्यात एकच, की हिचं काय काम असेल? सासरी तिला मागून 'फौजदारीण' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

पण हा स्वभाव काही जन्माचा नव्हता, तो कमावलेला होता. चार वर्षांपूर्वी तिनं पाटणच्या बाजूला सापांवर एक फिल्म केली होती. ज्यानं साप दाखवला तो माणूस मोठा गोडबोल्या. फिल्मचं कौतुक झालं, आणि महिनाभरात कळलं की रानातला म्हणून दाखवलेला साप त्यानं पोत्यातून आणून पानांवर सोडला होता. फिल्म मागे घ्यावी लागली. जाणकार हसले ते हसले, वर तिलाच विचारत राहिले, "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. संयोगिता पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

म्हणून साताऱ्यात निसर्गविज्ञानाचं नवं संग्रहालय उभं राहिलं आणि त्यातल्या सात फिल्मांचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा आनंदाच्या आधी तिला शंका आली. माझ्याकडेच का? संग्रहालयाचे प्रमुख लालासाहेब सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "कारण तुम्ही एकदा फसलाय. परत फसणार नाही."

काम साधं दिसत होतं, पण त्यात एक मेख होती. प्रत्येक फिल्म सहा मिनिटांची, दालनाच्या भिंतीवर चालणारी. संपली की लगेच पहिल्यापासून सुरू. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच, पुढची दहा वर्षं तरी. म्हणजे एखादी चूक राहिली तर ती दिवसातून पाऊणशे वेळा होणार, आणि शाळांच्या सहली रांगा लावून ती बघणार. संयोगितानं हा हिशेब कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवला होता.

सहा फिल्मा झाल्या. कोयनेच्या खोऱ्यातले बेडूक झाले, पाचगणीच्या पठारावरचा जांभा दगड झाला. राहिला होता सातवा, कोरड्या माळावरचा लांडगा. त्यासाठी जानेवारीत ती सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जतच्या पलीकडं जाऊन राहिली. बरोबर कॅमेरामन ऋषिराज. हा सांगलीचा, आणि हिच्या बरोब्बर उलटा. त्याचा सगळ्यांवर विश्वास. कॅमेऱ्याची बॅग एसटी स्टँडवर कुठल्या तरी अनोळखी आजीच्या हवाली करून हा खुशाल चहाला जायचा. बॅग जागच्या जागी असायची, याचाच संयोगिताला जास्त राग यायचा.

लांडग्याचं बीळ माहीत असलेला एकच माणूस त्या माळावर होता. बिराप्पा. साठीचा, उभा, वाळल्या अंगाचा मेंढपाळ. दीडशे मेंढरं, दोन कुत्री आणि बायको धोंडुबाई, एवढं बिऱ्हाड घेऊन तो हिवाळाभर त्या बाजूच्या माळांवर फिरत असायचा. संशयात तो संयोगिताला भारी निघाला.

"कुनी धाडलं तुमाला?"

"संग्रहालयानं, मामा. साताऱ्याच्या."

"लांडगा बगून तितं काय करनार?"

"शाळेतली मुलं बघतील. शिकतील."

"मग हितं येत्याल." बिराप्पा तंबाखू मळत म्हणाला. "आदी पोरं, मग गाडीवालं, मग सायेब. सायेब म्हननार, हितं लांडगा हाय, मेंढरं आनू नका. मग मी काय खाऊ? आनि मेंढरं न्हाईत तर तो लांडगा तरी काय खाईल?"

"म्हणजे तो तुमची मेंढरं नेतो?"

"न्हेतो की. वर्साला दोन-चार. त्येचा वाटा हाय त्यो."

इतका दिलदार माणूस जगात असतो यावर संयोगिताचा विश्वास बसेना. तीन दिवस तो तिला टोलवत राहिला आणि ती त्याला खोदत राहिली. चौथ्या दिवशी तो कबूल झाला, पण दोन अटी घालून. एक, जागेचं नाव फिल्ममध्ये नको आणि कुणाच्या तोंडी नको. दुसरी, बिळासमोर उभं राहून बघत बसायचं नाही. झाडामागनं जायचं, काम करायचं, तंबाखू मळून होईपर्यंत परत फिरायचं.

"आणि मानधन किती द्यायचं, मामा?"

बिराप्पाचा चेहरा पडला. "बाळतिनीचं घर दावायचं पैसं घेत्यात व्हय, बाई?"

झालं. संयोगिताच्या संशयाला इथंच पालवी फुटली. पैसे नको म्हणणारा माणूस शेवटी सगळ्यात महाग पडतो, असं ती त्या रात्री ऋषिराजला म्हणाली. ऋषिराज म्हणाला, "ताई, तुम्ही जेवा बघू."

बीळ एका ओघळीच्या काठात होतं. समोरच्या बाभळीला त्यांनी कॅमेऱ्याची पेटी बांधली. वीतभर पेटी, समोर काही हाललं की आपोआप जागी होते, दोन मिनिटं चित्र घेते आणि पुन्हा झोपते. बिराप्पानं ती सगळ्या बाजूंनी न्याहाळली.

"हे बगतं?"

"बघतं की," ऋषिराज म्हणाला.

"ऐकतंबी?"

"ऐकतंय मामा, सगळं ऐकतंय."

बिराप्पानं मान हलवली आणि पेटीकडं जरा अदबीनं बघितलं.

पहिल्या तीन दिवसांत पेटीनं जे दिलं त्यानं संयोगितासारखी बाईसुद्धा विरघळली. चार पिल्लं होती. काळपट, गबदुल, पोट जमिनीला लागलेलं. त्यातलं एक सारखं बिळाच्या तोंडाशी येऊन बसायचं आणि बाकीची तीन त्याच्या अंगावरून घसरून बाहेर पडायची. आई संध्याकाळी यायची, तोंडातलं खाली टाकायची आणि सगळ्यांना चाटून काढायची. लॉजच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून संयोगिता हे पुन्हा पुन्हा बघायची. अर्थात आवाज बंद ठेवून. ही तिची पद्धतच होती. आधी चित्र लावायचं, आवाजाचं सगळ्यात शेवटी. पेटीतल्या आवाजात तसंही माळावरच्या वाऱ्याशिवाय काही नसतं, आणि तो वारा कानाला हेडफोन लावून ऐकला की डोकं उठतं. पेटीतलं काही लॅपटॉपवर घेतलं की पहिलं काम म्हणजे आवाज बंद.

चौथ्या दिवशी पेटीची बॅटरी भरायला काढायची होती. संयोगिता दुपारी चारच्या सुमारास एकटीच गेली. अटीप्रमाणं बाभळीच्या मागून हात घालून पट्टा सोडवला, बिळाकडं न बघता पेटी पिशवीत टाकली आणि फिरली. दूर ओघळीतच, दुसऱ्या टोकाला बिराप्पाची मेंढरं दिसत होती. कुत्र्यांचा गलका चालला होता. तिला नवल वाटलं, कारण मेंढरं नेहमी वरच्या वाटेनं जायची.

लॉजवर येऊन तिनं शेवटचा तुकडा उघडला.

तीन एकेचाळीसची वेळ. डावीकडून बिराप्पा येतो. इकडंतिकडं बघतो. पिल्लं आत पळतात. तो वाकून एकेक दगड बिळाच्या तोंडाला लावायला लागतो. मोठाले, दोन हातांनी उचलावे लागतील असे. सात दगड. वर बोराटीचं झुडूप ओढतो. बीळ पार बुजून जातं. मग तो वळतो आणि सरळ पेटीकडं येतो. त्याचा चेहरा सगळ्या चित्रात भरतो. तोंड हालतंय, कपाळाला आठ्या, बोट वर. दोनदा बिळाकडं बोट, एकदा समोर, म्हणजे बघणाऱ्याकडं. मग तुकडा संपतो.

"धमकी देतोय," संयोगिता म्हणाली. "बघ. कुठं बोललात तर खबरदार म्हणतोय."

ऋषिराजनं चित्र पुन्हा बघितलं. "मामा असं करायचे नाहीत, ताई. विचारूया त्यांना."

"पोत्यातल्या सापवाल्यालाही मी विचारलंच होतं!"

ऋषिराजनं धोंडुबाईच्या मोबाईलला फोन लावला. माळावर कुठली रेंज! तो म्हणाला, मी चालत जाऊन येतो. पण संयोगिताला धीर नव्हता. चार जीव त्या बिळात गुदमरताहेत एवढंच तिला दिसत होतं. तिनं तालुक्यातल्या दोन प्राणिमित्रांना फोन केला आणि जागा सांगितली. बिराप्पाला दिलेला शब्द तिनं मोडला आणि त्या क्षणी तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

दिवस मावळायच्या आत गाडी ओघळीपर्यंत गेली. बघतात तर बीळ उघडं. दगड बाजूला पडलेले, बोराटी लांब फेकलेली. प्राणिमित्रांनी आत बॅटरीचा झोत टाकला, लांब काठी घालून बघितली. संयोगिता स्वतः बिळाच्या तोंडाशी पालथी पडून कान लावून राहिली. आत काही हालचाल नाही, चूं नाही. चार माणसं अर्धा तास तिथं वावरली. बॅटरी रात्रभर भरून सकाळी पेटी पुन्हा बाभळीला बांधली, पुढचे तीन दिवस ती तिथं होती आणि तिच्यात फक्त वाळकं गवत हालत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिराप्पाचा तळ गाठावा म्हणून ती गेली, तर तिथं चुलीचे तीन दगड आणि लेंड्या. बिऱ्हाड गेलेलं.

"बुजवलं, मग पिल्लं काढून नेली किंवा मारून टाकली, आणि आता पळाला," संयोगिता म्हणाली. "मेंढरं खातो त्याचा वाटा म्हणे! आणि मन साफ होतं तर पळाला कशाला?"

"ते हलणारच होते, ताई. धोंडुबाईंनी मला परवाच सांगितलं होतं."

"तुला सांगितलं, मला का नाही?"



साताऱ्याला आल्यावर तिनं तो तुकडा लालासाहेब सरांना दाखवला. सर म्हणाले, "वाईट आहे. पण खरं आहे. मुलांना हेही कळायला हवं." मग फिल्म त्याच वळणावर बेतली गेली. तीन मिनिटं माळ, लांडगीण, पिल्लांची मस्ती. चौथ्या मिनिटाला बिराप्पा. वर भारदस्त आवाजात निवेदन: 'भीतीपोटी माणूस लांडग्याचं बीळ बुजवतो. पिल्लं आतच मरतात.' शेवटी त्याचा तो हालणाऱ्या तोंडाचा चेहरा, जागच्या जागी थांबवलेला. आणि मग रिकामं बीळ.

ती जुळवाजुळव करताना संयोगितानं तो तुकडा चाळीसदा तरी बघितला असेल. दर वेळी बिराप्पाचं तोंड तिला जास्तच दुष्ट वाटायचं. ऋषिराज एकदा म्हणाला, "दहा वर्षं, ताई. दिवसाला पाऊणशे वेळा. माणूस आहे तो." ती म्हणाली, "मग त्यानं आधी विचार करायचा."

संग्रहालय विज्ञान दिनाला, अठ्ठावीस फेब्रुवारीला उघडायचं होतं. सत्तावीसला दुपारी संयोगिता दालनात भिंतीवरची फिल्म तपासत होती, आणि दारात बिराप्पा. डोक्याला पटका, काखेत भलंमोठं गाठोडं.

"ऋषिराज पोराचा निरोप घावला, उद्याच्याला हाय म्हून. सांगलीवरनं बदलून आलो एष्टीनं. म्हनलं बगावं, आमचा माळ भित्तीवर कसा दिसतोय."

संयोगितानं ऋषिराजकडं असं बघितलं की तो वायरी गुंडाळायच्या निमित्तानं कोपऱ्यात गेला. तिच्या मनात विचारांची रांग लागली. याला कुणी तरी कळवलंय. फिल्म काढून टाका म्हणायला आलाय. गाठोड्यात काय आहे? दगड असतील, काठी असेल. मग तिला वाटलं, बरंच झालं. बघू देत. तोंडावर दाखवते आणि तोंड बघते.

"बसा मामा. दाखवते तुम्हाला."

बाकं होती, पण बिराप्पा खाली फरशीवर बसला. गाठोडं मांडीवर. फिल्म सुरू झाली. संयोगिता भिंतीकडं बघतच नव्हती. ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. माळ आला तसा तो हसला. लांडगीण आली तसा 'आली बग' असं पुटपुटला. पिल्लं एकमेकांवरून घसरली तेव्हा त्यानं गुडघ्यावर हात मारला. मग तो स्वतः आला, दगड लावताना. वर निवेदनाचा भारदस्त आवाज.

तो दचकला नाही. उठला नाही. ओरडलाही नाही. ऐकत राहिला. भिंतीवर त्याचा चेहरा थांबला, रिकामं बीळ आलं, फिल्म संपली आणि पुन्हा माळ सुरू झाला. तेव्हा तो संयोगिताकडं वळला.

"माजा आवाज कुटं गेला, बाई?"

"कसला आवाज?"

"मी बोललो हुतो की. त्या पेटीला. तुमचं पोरगं म्हनलं हुतं, सगळं ऐकतंय."

खरं सांगायचं तर त्या क्षणालाही संयोगिताच्या मनात पहिलं हेच आलं, की काय बेरकी म्हातारा आहे! ऐन वेळेला बरं सुचलं. आता याला खोटा पाडते. तिनं तिथंच लॅपटॉप उघडला, तो तुकडा काढला आणि आवाज वर केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आधी नुसता वारा. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज. दूर कुत्री. मग पावलं जवळ आली, आणि बिराप्पा बोलायला लागला.

"बाई, ओ बाई. ऐकताय न्हवं? वरच्या वाटंला डाळिंबवाल्यानं तार मारल्या. तवा मेंढरं आज ह्या वघळीतनं न्ह्यावी लागत्यात, आनि मागनं वाडीची धा कुत्री लागल्याती. आई न्हाई बिळात, शिकारीला गेल्या. म्हून दगुड लावल्याती. मेंढरं पल्याड गेली की लगी येऊन काडतो. भिऊ नका, पिल्लं आत झ्याक हाईत. आनि येक. माज्या हाताचा वास लागलाय हितं. तवा तुमी चार दीस फिरकू नका. मानसाचा वास लय झाला की ती बिऱ्हाड हलवती, आनि थंडी लय हाय. पिल्लांनी सोसायची न्हाई. ऐकलं न्हवं?"

मग थोडा वेळ वारा. तो उत्तराची वाट बघत होता.

"बरं," असं म्हणाला आणि तुकडा संपला.

भिंतीवर पिल्लं पुन्हा घसरत होती. संयोगिताला तोंड कुठं लपवावं कळेना. तिला त्या संध्याकाळचा बिळाच्या मातीचा वास आठवला, काठी आठवली, झोत आठवला, स्वतःचं पालथं पडणं आठवलं.

"पिल्लं?" तिनं विचारलं.

"आतच दडली हुती ती. त्याच रातीला न्हेली तिनं. पल्याडच्या माळाला." बिराप्पा खाली बघत म्हणाला. "तीन. एक ऱ्हायलं वघळीत. दिस उगवायच्या टायमाला आमी निगालो तवा घावलं मला. कडक झालं हुतं. पुरलं मी."

"कुठलं?" हे विचारून काय होणार होतं कुणास ठाऊक, पण तिनं विचारलं.

"तोंडाशी येऊन बसायचं बगा, त्ये."

संयोगिता बाकावर बसली. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. बिराप्पा अवघडला. गाठोड्याची गाठ सोडत राहिला.

"मी बुटांचं ठसं बगितलं हुतं," तो म्हणाला. "लय मानसं येऊन गेलती. धोंडुबाई म्हनली, त्या बाईनंच आनली. मी म्हनलं, तिला मी सोता सांगून आलोय. ऐकूनबी आली म्हंजी कायतरी तसंच अडलं आसंल."

याहून त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं संयोगिताला वाटलं. जगात तिच्याहून संशयी असा हा एक माणूस तिला भेटला होता, आणि ज्या वेळी संशय घ्यायचा त्याच वेळी यानं तिच्यावर विश्वास ठेवला होता.

गाठोड्यातून घोंगडं निघालं. काळं, जाड, नवं. "धोंडुबाईनं दिलंय. तुमी आमच्या तळावर काट्यात बसायचा न्हवं." त्यानं ते तिच्या शेजारी बाकावर ठेवलं.

संध्याकाळपर्यंत फिल्म पुन्हा बांधली गेली. भारदस्त निवेदन गेलं. थांबवलेला चेहरा गेला. बिराप्पाचा तो दोन मिनिटांचा तुकडा अख्खाच्या अख्खा, वाऱ्यासकट, त्याच्या आवाजात ठेवला, आणि त्याखाली शब्द लिहिले म्हणजे शहरातल्या मुलांनाही कळेल. जागेचं नाव कुठंही नाही. त्यानंतर काळ्या पडद्यावर तीन ओळी: 'हे सांगणं आम्ही ऐकलं नाही. आम्ही आवाज बंद ठेवला होता. त्याच संध्याकाळी आम्ही बिळापाशी गेलो आणि चारांतलं एक पिल्लू मेलं.'

लालासाहेब सरांना हे पटेना. "अहो, संग्रहालय ही कबुलीजबाबाची जागा आहे का? ओळी काढून टाका. त्याचा आवाज ठेवा, झालं."

"सर, प्रयोग फसला तर तोही वहीत लिहायचा, हे तुम्हीच मुलांना शिकवायचात ना?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अक्षरं मोठी करा," ते म्हणाले. "मागच्या बाकावरून वाचता येत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दालन उघडलं. शाळेच्या मुली आल्या, रांगेत, डबे सांभाळत. बिराप्पा कालच्याच जागी फरशीवर बसून होता. त्यानं फिल्म एकदा बघितली, दुसऱ्यांदा बघितली. तिसऱ्यांदा सुरू झाली तशी त्यानं संयोगिताला खुणेनं बोलावलं.

"दगुड काडतानाचं न्हाई व्हय?"

"नाही, मामा. त्याच्या आधीच पेटी मी काढून नेली होती."

तो विचारात पडला. भिंतीवर त्याचेच हात पुन्हा दगड उचलत होते. "म्हंजी हे दिसभर बुजतच ऱ्हानार. उगडायचं कुनी?"

तुकडा संपला, पडदा काळा झाला, ओळी आल्या. बिराप्पा उठला आणि पहिल्या बाकावरच्या मुलींसमोर जाऊन उभा राहिला.

"काडलं हां मी दगुड," तो म्हणाला. "मेंढरं पल्याड गेली आनि काडलं. सातीच्या साती."

मुलींनी माना डोलावल्या. पुढची तुकडी आली, त्यांनाही त्यानं सांगितलं. अकराला सांगितलं, साडेअकराला सांगितलं. मग त्याची सांगलीची गाडी होती, मेंढरांना दुसरं कुणी नव्हतं, धोंडुबाई एकटी होती. ऋषिराज त्याला स्टँडवर सोडायला गेला.

संयोगिता दालनातच थांबली. नवी शाळा आली, फिल्म सुरू झाली. माळ, लांडगीण, पिल्लं, बिराप्पा, दगड, त्याचा आवाज, त्याचं ते 'बरं', आणि काळा पडदा. ती घोंगडं बाकावर ठेवून उठली.

"त्यांनी दगड काढले होते," ती मुलींना म्हणाली. "सगळे काढले. सात होते."

पुढच्या बाकावरची चष्म्याची एक मुलगी तिच्याकडं रोखून बघत होती. बघण्याची तऱ्हा संयोगिताच्या ओळखीची होती.

"तुम्ही बघितलं का, काढताना?"

"नाही," संयोगिता म्हणाली. "काढतो, असं ते म्हणाले होते."